चालता न येणारं कोकरू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका कोकराला पाजणं.

मेंढी पहिलटकरीण होती. आदल्या दिवशी व्याली आणि पिलाला जवळ येऊ देईना. त्यात कोकराच्या मागच्या पायांत जोर नव्हता. उठायचं, दोन पावलं टाकायचं आणि बसायचं. अशा वेळी दोन माणसं लागतात. एकानं मेंढीला भिंतीशी लावून गुडघ्यानं दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली बसून कोकराच्या तोंडात सड द्यायचा. आमच्यात धरायचं काम माझं, पाजायचं तिचं. लग्न झाल्यापासून यात बदल झाला नाही.

सकाळची वेळ होती. ती पदर खोचून खाली बसली होती. कोकराचं तोंड एका हातानं उघडलेलं, दुसऱ्या हाताची बोटं चिकानं माखलेली.

"केंदूरला कवा जाताय?" तिनं वर न बघता विचारलं.

"कांदा निघू दे."

"ज्वारी निघू दे म्हणला व्हता. ज्वारी निघाली. आता कांदा. कांद्यामागनं काय काढणार हाय?"

"तुझी जीभ."

ती हसली. हसताना तिचा हात हलला आणि कोकराच्या तोंडातून सड सुटला. तिनं तो परत दिला. "जीभ काढा, पर आधी सुनंला आणा. तुम्ही गेल्याबिगर ती यायची न्हाई."

"बघू," मी म्हणालो.

बघू म्हणायची मला सवयच होती. बाजाराला, दवाखान्याला, देवाला, सगळ्याला मी बघू म्हणायचो आणि ती वाट बघायची. त्या दिवशी दुपारी ती कायमची गेली.

केंदूर हे माझ्या सुनेचं माहेर. ती चार महिने तिकडं होती आणि तिला घालवणारा मी. कसं घालवलं ते सांगतो, म्हणजे माझी अक्कल कळेल.

आम्ही मूळचे मेंढरांवाले. माझा बाप दरसाल मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, बापामागं मीही उतरलो. शाळा चौथीपर्यंत, तीही सलग नाही. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, जमीन भिजायला लागली आणि आम्ही मांडवगण फराट्याच्या शिवारात कायमचे बसलो. आता ऊस आहे, कांदा आहे, आणि सवय मोडवत नाही म्हणून वीस-बावीस मेंढरं आहेत.

बायको माझ्या मामाची पोरगी. मामाची पोरगी घरात आणायची ही आमच्याकडची रीत. माझ्या आईला तिच्या भावाची लेक पाहिजे होती, मलाही ती पाहिजे होती. लहानपणी जत्रेत आम्ही एका ताटात जेवलो होतो. परक्या पोरीला घर शिकवावं लागतं, हिला आमचं घर आधीच पाठ होतं. एक पोरगा झाला. पुढं काही राहिलं नाही, आणि आम्हीही त्याचा फार विचार केला नाही.

पोरगा शिकला, रांजणगावच्या एमआयडीसीत कंपनीत लागला. त्याच्यासाठी मी माझ्या मेव्हण्याची, म्हणजे त्याच्या मामाची पोरगी धरून ठेवली होती. तो नको म्हणाला. त्याला केंदूरची पसंत पडली. जात आमचीच, पण नात्यागोत्यात कुठं नाही. मी लग्न लावून दिलं, पण मनात ते राहिलं.

सहा वर्षं झाली, पाळणा हलला नाही. मेंढरांतला माणूस मी. आमचा साधा हिशोब असा की एकच मेंढी फळली नाही तर दोष मेंढीचा, आणि सगळा कळप रिकामा राहिला तर मेंढा बदलायचा. पोराच्या घरात एकच बायको. म्हणजे दोष तिचा, हे मी ठरवूनच टाकलं. चहा द्यायला ती पुढं आली की मी कोणाकडं तरी बघून म्हणायचो, "घरची केली असती तर आतापर्यंत अंगणात दोन खेळली असती." ती कप ठेवून आत जायची. सासऱ्याला मामा म्हणायची आमच्याकडं पद्धत आहे. "मामा, साखर बघा," एवढंच म्हणायची.

पोरगा ऐकायचा आणि मान खाली घालायचा. मला वाटायचं, लाजतोय. तो का लाजत होता हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या बायकोची एक बहीण दौंडला असते. एका वर्षी बायको फारच दौंडला जायला लागली. दर पंधरा दिवसाला जायची, आणि पोराला-सुनेला बरोबर न्यायची.

"बहिणीचं एवढं काय लागून गेलंय?" मी विचारलं.

"तिचं गुडघं दुखत्यात."

"आन् तू जाऊन काय करतीस, उचलून फिरवतीस?"

"व्हय. तुम्हाला बी उचलीन पुढं, आत्ता गप बसा."

दौंडला स्टेशनकडच्या एका दवाखान्यात पुण्याची डॉक्टरीणबाई ठरावीक वारी यायची. मूल होत नसलेल्यांची ती डॉक्टर. पोरानं बापाला सांगायचं धाडस केलं नाही, आईला आणि बायकोला घेऊन गेला. सगळं ठरल्यावर एक दिवस बायकोनं मला बाजेवर बसवलं आणि सांगितलं.

"सुनंमध्ये काय बी खोट न्हाई. खोट आपल्या पोरात हाय."

मी उठायला लागलो. तिनं माझं धोतर धरलं. "बसा. पुरतं ऐका. बी भरपूर हाय, जितं हाय. पर त्याला चालता येत न्हाई. बाईंनी मला पडद्यावर दाखवलं. त्यांना शेपट्या असत्यात, शेपटी हलवीत ती पुढं जात्यात. आपल्या पोराच्या शेपट्या कुणाच्या तोकड्या, कुणाच्या वळून बसलेल्या, कुणाला न्हाईच. जागच्या जागी पडून हायेत बिचारी."

"आन् औषध?"

"औषध न्हाई. जन्मापासनं हाय. पर बाई म्हणल्या, शेपटी नुस्ती वाटंपुरती. द्यायचं ते सगळं डोक्यात असतं. त्या सुनंचं अंडं भाईर काढणार, जितं असंल ते एक बी बारक्या सुईनं उचलणार आन् अंड्यात नेऊन ठेवणार. मंग त्याचा गर्भ सुनंच्या पोटात सोडायचा."

मला जे सुचलं ते मी बोललो. "लंगड्या मेंढ्याचं बी कुणी धरतं का? लंगडंच निपजंल."

तिला राग आला की ती आवाज खाली आणायची. म्हणाली, "कोकणातनं येताना वाटंत व्यायलेल्या मेंढ्यांची कोकरं कोण आणायचं? घोड्यावर बसवून, न्हाई मावली तर माझ्या पाठीवर. त्यांना चालता येत नव्हतं म्हणून टाकून दिली का आपण? घाट चढवून आणल्यावर तीच पुढं कळपात पळायची. बाई बी तेच करणार हायेत. चालता येत न्हाई त्याला उचलून न्यायचं, एवढंच."

मग ती हसून म्हणाली, "आन् शेपटीचं मला काय सांगता. आपल्या मेंढरांची शेपटी बोटाएवढी. कुठं अडलंय त्यांचं?"

पुण्याच्या दवाखान्यात सगळं झालं. सुनेला रोज सुई घ्यावी लागायची. पोटावर काळेनिळे डाग पडले होते म्हणे, मला ती कशाला दाखवणार. ती सुई घेऊन भाकऱ्या थापायला बसायची. माझी बायको तिला उठवायची आणि स्वतः चुलीपुढं बसायची. तीन गर्भ तयार झाले. एक सुनेच्या पोटात सोडला, दोन दवाखान्यात गारठवून ठेवले. पुढच्या खेपेसाठी तसे ठेवतात. माझी बायको म्हणायची, "माझी दोन कोकरं पुण्याला थंडीत हायेत." पोरगा म्हणायचा, "आई, त्यांना थंडी वाजत न्हाई." ती म्हणायची, "तुला काय म्हाईत."

पहिली खेप लागली नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सून आणि पोरगा रिपोर्ट घेऊन आले तेव्हा मी अंगणात शेजाऱ्याबरोबर बसलो होतो. पोराच्या तोंडावरनंच कळलं. मी शेजाऱ्याला म्हणालो, पण सुनेला ऐकू जाईल असं म्हणालो, "लंगड्या मेंढ्याचं बी आन् परक्या कळपातली मेंढी. लागणार काय हाय?"

शेजारी उठून गेला. सून घरात गेली, पिशवी भरून बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही.

"मामा, मी जाते. तुम्ही न्यायला आलात तर येईन. दुसरं कोणी येऊ नका."

बायको तिच्यामागं फाट्यापर्यंत गेली आणि एकटी परत आली. त्या दिवशी तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं एकच सुरू झालं, केंदूरला कवा जाताय. मी ज्वारी म्हणालो, मग कांदा म्हणालो. खरं कारण कांदा नव्हता. व्याह्याच्या अंगणात जाऊन सुनेपुढं खाली बघायचं, हे मला जमेना. जमेल तेव्हा जमेल, वेळ आहे, असं वाटायचं.

त्या दिवशी कोकराचं पोट भरलं तशी बायको उठली, हात धुतले. म्हणाली, छातीत भरल्यासारखं होतंय, जरा पडते. मी मेंढरांना पाला टाकायला गेलो. परत आलो तर ती घामानं भिजली होती. शेजाऱ्याचा पिकअप काढला, मागं घोंगडी टाकून तिला निजवलं, दौंडला निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. भीमेच्या पुलावर तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "दुपारचं कोकराला पाजायचं ऱ्हायलं." दौंडच्या डॉक्टरनं तपासलं आणि उशीर झाला म्हणून सांगितलं.

मी केंदूरला जाईन असं मला तिला सांगता आलं असतं. पूल लांब आहे. तेवढं बोलायला वेळ होता. मी म्हणालो, "पाजू गं, तू गप पड."

दिवस मावळायच्या आत नदीवर सगळं आटोपलं. केंदूरहून सून आणि तिचा बाप आले होते. सुनेच्या हातात तीच पिशवी होती. सासू गेल्यावर सुनेनं सुतकात सासरी राहायचं असतं, ती राहायलाच आली होती. माणसं पांगल्यावर ती अंगणात माझ्याजवळ आली.

"मामा, थांबू का मी?"

मी जमिनीकडं बघत बसलो. मला तिला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर रडू फुटेल आणि सगळ्यांपुढं फुटेल, म्हणून मी तोंड मिटून बसलो. ती बराच वेळ उभी होती. मग तिचा बाप म्हणाला, "चल बाय. इथं कुणी काय म्हणत न्हाई." ती पिशवी घेऊन गाडीत बसली.

गाडी वळून गेल्यावर पोरगा माझ्यासमोर येऊन बसला.

"आबा, तिच्या हातातली पिशवी दिसली न्हाई?"

"दिसली."

"मग?"

तो उठला, दोन पावलं गेला, परत आला.

"आईनं एक सांगू नको म्हणून बजावलं होतं. आता ती न्हाई, आता सांगतो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमचे आईवडील नात्यातले हायेत का. आई शेजारीच बसली होती. म्हणाली, व्हय, मी ह्यांच्या मामाची. बाई म्हणाल्या, शेपटीच्या असल्या दोषात कधी कधी असं सापडतं. थोडा दोष बापात दडलेला असतो, थोडा आईत. दोघं धडधाकट असतात, त्यांना कधी कळत न्हाई. एकाच घरातलं रक्त असलं की दोन्हीकडचा दोष एका लेकरात जमायची शक्यता वाढते. तुमच्यात तसंच झालं का, हे तपासणीशिवाय सांगता यायचं न्हाई, म्हणाल्या. आई म्हणाली, तपासणी नको, मला कळलं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"म्हणाली, त्यांना कळलं तर ते आमच्या लग्नाला खोट म्हणतील. मला ते ऐकायचं न्हाई."

तो घरात गेला. मी अंगणातच बसून राहिलो.

आमचा मेंढा मी दर दोन वर्षांनी बदलतो. भीमेपलीकडं दौंड तालुक्यात एक ओळखीचा मेंढपाळ आहे. माझा मेंढा त्याला देतो, त्याचा मी आणतो. मेंढा आपल्याच पोरींवर जाऊ द्यायचा नाही, कोकरं बारकी आणि अधू निघतात. हे मला बापानं शिकवलं, बापाला त्याच्या बापानं. मेंढ्यांची नाती मी तीन पिढ्यांपर्यंत तोंडपाठ सांगतो. आणि त्याच तोंडानं मी सहा वर्षं सुनेला म्हणत होतो, घरची केली असती तर.

माझ्या लग्नाला मी खोट म्हणत नाही. दुसरी कोणी मला चालली नसती. पण तिनं हे एकटीनं पोटात ठेवलं, माझ्या शेजारी बसून जेवली, माझे टोमणे सुनेवर पडताना बघितले, आणि मला फक्त एवढंच म्हणत राहिली, केंदूरला जा. एवढं एकच मागितलं होतं, तेही मी कांद्याखाली पुरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी आधी गोठ्यात गेलो. कोकरू आदल्या सकाळपासून उपाशी होतं. मी मेंढीला खुंट्याला आखूड बांधलं आणि खाली बसलो. मी कोकराचं तोंड सडाला लावलं की मेंढी बाजूला सरायची. मेंढीला धरलं की कोकरू पडायचं. माझी बोटं जाड, त्याचं तोंड नीट उघडता येईना. चार घोट गेले असतील, नसतील.

मग मी काठी घेतली आणि फाट्यावर आलो. सुतकातल्या माणसानं दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं. जीपवाला ओळखीचा होता, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढची जागा दिली. तळेगाव ढमढेऱ्याला जीप बदलली. केंदूरला उतरून व्याह्याच्या घरापर्यंत चालत गेलो आणि अंगणाच्या कडेला उभा राहिलो.

व्याही दात घासत होता. मला बघून त्यानं चूळ टाकली. "आत या."

"आत येत न्हाई. सुतक हाय. सुनंला बोलवा."

ती बाहेर आली. ओल्या केसांची, कपाळ मोकळं. मी वाटेत शब्द जुळवले होते, ते एकही आठवले नाहीत.

"दोष माझ्याकडचा हाय," मी म्हणालो. "माझ्या आन् तुझ्या सासूकडचा. तुझा कवाच नव्हता. मला काल कळलं."

"मला दोन वर्षांपासून माहीत आहे, मामा," ती म्हणाली. "डॉक्टरबाई बोलल्या तेव्हा मीपण तिथंच बसले होते. आत्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, ह्यांना कधी उलटं बोलू नको."

सासूला ती आत्या म्हणायची. मी काठी दोन्ही हातांनी धरली. म्हणजे सहा वर्षांतली शेवटची दोन ती सगळं माहीत असून ऐकून घेत होती. एका शब्दात ती माझं तोंड बंद करू शकली असती.

"मी चुकलो," मी म्हणालो. "कालबी चुकलो. घरी चल म्हणायला आलोय."

तिनं बापाकडं बघितलं. पिशवी ओट्यावरच होती, न उघडलेली. ती चपला घालून आली आणि पिशवी उचलली.

"आत्यांसाठी येते," ती म्हणाली. "तेराव्यापर्यंत. दवाखान्याचं त्यानंतर मी आणि तुमचा मुलगा ठरवू. तुम्ही विचारायचं नाही."

"न्हाई विचारणार."

मी पिशवीला हात लावला. तिनं दिली नाही.

जीपमध्ये ती मागं बसली, मी पुढं. तळेगावला दुसरी जीप भरायची वाट बघत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो, तेव्हा तिनं विचारलं, "मागच्या आठवड्यात आत्या फोनवर म्हणाल्या होत्या, मेंढी व्यायला झालीय. व्याली का?"

"व्याली. कोकरू उठत न्हाई. धरून पाजावं लागतं."

"मग सकाळी मेंढी कोणी धरली?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि जीपवाल्याला हाक मारून विचारलं, अजून किती वेळ लागेल.